उभं राहायची नोकरी

सावेडीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून साड्यांचं दुकान आहे. तिथल्या मावशींचं नाव मला ठाऊक नाही. दिवसभर त्या उभ्या दिसतात, एवढंच. घरी सोफ्यावर पसरलेला मालक मोबाईलवर दुकान बघतो. मावशी जरा स्टुलावर टेकल्या, की भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून त्याचा आवाज येतो, "उठा!" तोही गिऱ्हाइकांसमोर. मग ओशाळून त्या घडी घातलेलीच साडी उलगडून पुन्हा घडी घालत बसतात, उभ्याउभ्याच.

काल दुपारी लाईट गेली. कॅमेऱ्याचा लाल दिवाही विझला. मी म्हणालो, "मावशी, आता तरी बसा."

"नको दादा. एकदा बसलं की परत उठायचं लई जिवावर येतं."

आणि त्या बंद कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी पदर सारखा केला.