उसाचा दांडू

त्या दुष्काळात आमच्या दोन म्हशी सहकारी कारखान्याने उघडलेल्या चारा छावणीत होत्या, आणि शाळा सुटली की मीही तिथेच. मी सहावीत होते. छावणीत जनावरांच्या दोन रांगा, म्हणून आम्हा पोरांच्या विटीदांडूच्या दोन फळ्या. लाकूड सगळं चुलीत जायचं, त्यामुळे दांडू उसाचा, चाऱ्यातून उचललेला. ज्या फळीचा डाव, तिचाच दांडू.

आमच्या फळीचं लिहिण्याचं काम माझ्याकडे. वार, डाव, गुण, साहित्याची स्थिती. आता ऑफिसात संगणक हेच करतो. तिथे त्याला लॉग म्हणतात.

मला एक सवय होती. हातात ऊस आला की दात आपोआप लागायचे. हा प्रोग्राम बंदच होत नसे. सवय मोडावी म्हणून मीच दांडूला कडुलिंबाचा पाला चोळून पाहिला, शेणही फासलं. तरी दांडू धुऊन खाल्लाच.

विटी जिथे पडते तिथपर्यंतचं अंतर दांडूनेच मोजतात. दांडू आखूड झाला की गुण वाढतात. मला वाटायचं, आपला खेळ सुधारतोय.

शनिवारी पैज लागली. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांच्या जनावरांना आठवडाभर पाणी वाहायचं. टाकी पार दुसऱ्या टोकाला, आणि भरलेली बादली दर पावलाला माझ्या गुडघ्यावर आपटायची. हरून चालणारच नव्हतं. आम्ही अकरा गुणांनी जिंकलो.

समोरच्या फळीचा म्होरक्या माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गुण ताडून पाहायला त्याने वही मागितली. मी अभिमानाने दिली. त्याने मोठ्याने वाचलं: सोमवारी दांडू सहा कांडी, मंगळवारी पाच, गुरुवारी चार. शनिवारी तीन, शेवटचं लई गोड निघालं.

"तू खाती बी आन लिवती बी," तो म्हणाला. "चोरी करायची तर लिवायचं कावून?"

"न्हाई लिवलं तर कळंल कसं?" मी म्हणाले.

डाव सोमवारच्या स्थितीला परत न्यावा असं कुणीतरी सुचवलं. पण बॅकअप नव्हता. तो माझ्या पोटात गेला होता. शेवटी ठरलं की दोन्ही रांगांचं पाणी मी एकटीने वाहायचं. सगळ्यात आधी आमच्याच फळीने हात वर केले.

आठवडाभर वाहिलं. वाटेत उसाचा ढीग होता, ताजा, रसरशीत. दोन्ही हातांत बादल्या असल्यामुळे त्या आठवड्यात मी एकही कांडं खाल्लं नाही.