अकरा जुने रायडर आणि एक ओलं वळण

अकरा म्हाताऱ्या माणसांना एका जागी आणायला मला सात महिने लागले, आणि ते सगळं वाया घालवायला पाण्याचा एक टँकर पुरला. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अजून आठवली की मी घरात येरझारा घालायला लागतो आणि बायको म्हणते, "झालं याचं सुरू."

मी क्युपर्टिनोत राहतो, सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये मोटरसायकलच्या शर्यतींचं वेड असलेला मी एकटाच असेन. पंचवीस वर्षांपूर्वी, इथे नवा होतो तेव्हा, ऑफिसातल्या एकाने शनिवारी दुपारी मला गाडीत बसवलं आणि दोन तासांवरच्या एका फेअरग्राउंडवर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, नेलं. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार गाड्या, चार फेऱ्या, एका मिनिटात निकाल. गाडीला ब्रेकच नाहीत. वळण आलं की मागचं चाक मुद्दाम बाहेर फेकायचं, डावा पाय मातीला घासत ठेवायचा आणि तशीच तिरकी गाडी वळणातून काढायची. याला स्पीडवे म्हणतात. मला मात्र धरून ठेवलं ते वासाने. त्या इंजिनांत एरंडेल घालायचे. सांगलीला आई नाक दाबून ज्याचा चमचा पाजायची, त्या तेलाचा जळल्यावर इतका छान वास येतो यावर माझा विश्वास बसेना.

त्या दिवशी जे गृहस्थ सगळ्यात पुढे होते त्यांचं वय अठ्ठेचाळीस होतं. शर्यती संपल्यावर प्रेक्षकांना पिटमध्ये, म्हणजे गाड्या ठेवायच्या आवारात, सोडायचे. तिथे ते एका डब्यावर बसून डाव्या बुटाखालची लोखंडी पट्टी सोडवत होते. आठवडाभर ते प्लंबिंगची कामं करायचे. मी मनात इंग्रजी जुळवून विचारलं, "ब्रेक नसतात, भीती नाही वाटत?"

"ब्रेक असते तर वाटली असती," ते म्हणाले. "पुढचा गाडीवाला ते कधी दाबेल, भरवसा काय?"

तिथून ओळख झाली. पुढच्या वर्षी त्यांनी गाडी सोडली, पण माझे शनिवार सुटले नाहीत. स्टँडमध्ये त्यांच्या शेजारी बसून मी त्यांच्या तरुणपणीचे किस्से ऐकायचो. मोडलेलं कॉलरबोन पट्ट्याने आवळून शर्यतीत उतरलेला स्कूलबसचा ड्रायव्हर. दोन सख्खे भाऊ, ज्यांच्यात मिळून एकच इंजिन होतं आणि जे वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, तरी एकाची शर्यत झाली की न बोलता इंजिन दुसऱ्याच्या गाडीत बसवून द्यायचे. आणि मातीचे किस्से तर संपायचेच नाहीत. त्या काळी रायडर सकाळीच यायचे, स्वतः पाणी मारायचे, स्वतः माती सारखी करायचे. "अर्धी शर्यत दुपारीच ठरायची," प्लंबर सांगायचे. मातीवर ते जे काही बोलायचे त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, वाफसा. फार ओली नाही, फार कोरडी नाही. मी तो शब्द त्यांना शिकवला. त्यांना तो नीट म्हणता यायचा नाही, पण वापरायचे.

गेल्या वर्षी मला वाटलं, ही माणसं आहेत तोवर त्यांना एकदा एकत्र आणावं. ट्रॅकच्या नव्या मॅनेजरने परवानगी दिली, मला स्वयंसेवकांचा प्रमुख केलं आणि पिवळ्या मनगटी पट्ट्यांचा एक गठ्ठा हातात ठेवला. ज्याच्या हाताला पिवळी पट्टी त्यालाच ट्रॅकवर प्रवेश, असा इन्शुरन्सचा नियम. मग मी फोन सुरू केले. काही नंबर बंद होते. काही फोन बायकांनी उचलले आणि हळू आवाजात सांगितलं की उशीर झाला. एकाने विचारलं, "आम्हाला बघायला कोण येणार?" मी म्हटलं, "मी येणार." ते आले.

ठरलेल्या शनिवारी चार वाजता अकराही जण हजर होते. जुनी लेदरची जॅकेटं घालून आले होते, चेन एकाचीही लागत नव्हती. ते दोघे भाऊ एकाच गाडीतून उतरले. मी त्यांना सावलीत खुर्च्या मांडून दिल्या. शर्यतींच्या मध्यंतरात एकेकाचं नाव पुकारायचं, लोकांनी उभं राहायचं, असं ठरलं होतं.

टँकरवर त्या दिवशी नवा माणूस होता. त्याने तिसऱ्या वळणावर टँकर उभा केला, फोनवर बोलत राहिला आणि पाणी चालूच ठेवलं. हे मी पाहिलं. मला वाटलं, त्याला माहीत असेल.

सरावाला पहिली गाडी निघाली आणि तिसऱ्या वळणावर चाक चिखलात रुतून ती चालवणारी पोरगी हँडलवरून पुढे फेकली गेली. उठली, चालत बाहेर आली. दुसरा गेला, तोही तिथेच पडला. मॅनेजरने सराव थांबवला. पस्तिशीचा माणूस, कानात इअरपीस, हातात टॅब्लेट. तो हवामानाचं अ‍ॅप बघत होता. ऊन कधी वाढेल ते त्यात दिसतं म्हणे. पाच वाजून गेले होते.

तेवढ्यात प्लंबर फाटकापाशी आले. वय बहात्तर, गुडघ्याला पट्टा. म्हणाले, "एक पिकअप ट्रक आणि मागे ओढायला दात असलेली लोखंडी जाळी. बाहेरच्या कडेला कोरडी माती पडली आहे, ती आत ओढायची, ट्रकने दाबायची, परत ओढायची. चाळीस मिनिटं. आम्ही पाच जण पुरतो."

मी मॅनेजरकडे गेलो. त्याने मान वर न करता सांगितलं, "त्यांना पट्टी नाही ना? मग नको. लायबिलिटी."

"पट्ट्या माझ्याकडे आहेत."

"त्या स्वयंसेवकांच्या आहेत."

मी फाटकाकडे परत आलो. पट्ट्या माझ्या खिशात होत्या, चांगल्या वीसेक. तिथल्या तिथे पाच जणांच्या मनगटाला गुंडाळल्या असत्या तर कुणी अडवलं असतं असं वाटत नाही. पण वीस वर्षं मी ज्या कंपन्यांत नोकरी केली तिथे नाही म्हणजे नाही. मी प्लंबरना म्हणालो, "राहू द्या. तुम्ही पाहुणे आहात. बसा ना खुर्चीत."

त्यांनी फाटकावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "येस, सर." चोवीस वर्षांत ते मला कधी सर म्हणाले नव्हते.

साडेसहाला शर्यती रद्द झाल्या. मॅनेजरने स्पीकरवर घोषणा केली, तिकीट पुढच्या वेळी चालेल म्हणून सांगितलं आणि घाईघाईने त्या अकरा जणांची यादी वाचली. तोपर्यंत लोक पार्किंगकडे वळले होते. गाड्यांच्या हॉर्नमध्ये नावं ऐकूच आली नाहीत. टाळ्या वाजवायला स्टँडमध्ये बायको आणि मुलगा तेवढे होते.

परतताना गाडीत बायकोने विचारलं, "पट्ट्या तुझ्याच खिशात होत्या ना? मग द्यायच्या की."

"नियम होता."

"अरे, कुणाचा नियम? त्या माणसाला माती तरी कळत होती का?"

मागून मुलगा म्हणाला, "आई, लीव्ह हिम." त्याला माझी दया आली होती, आणि ते मला जास्त लागलं.

मी मॅनेजरला दोन पानी ईमेल लिहिला. उत्तर आलं की तुमच्या फीडबॅकबद्दल आभारी आहोत. प्लंबरना तीनदा फोन केला, उचलला नाही. चौथ्या वेळी उचलला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "तुझं बरोबर होतं. कुणी पडलं असतं तर तुझ्यावर केस झाली असती." ते चिडले असते तर मला हलकं वाटलं असतं. मग त्यांनी तासभर मला ओलं वळण कसं दुरुस्त करायचं ते सांगितलं. जाळीचे दात किती लांब असावेत, ट्रक कोणत्या बाजूने फिरवायचा, माती मुठीत दाबून कशी बघायची. मी सगळं लिहून घेतलं, टाइप केलं आणि मॅनेजरला पाठवलं. त्याचं काही उत्तर आलं नाही.

यंदा मोसमाच्या पहिल्या शनिवारी मी गेलो. प्लंबरना विचारलं होतं, त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. बाकीच्या दहांपैकी कुणीच आलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या भीतीने या वेळी पाणी जेमतेम शिंपडलं होतं. पहिल्याच शर्यतीत इतकी धूळ उठली की दुसऱ्या फेरीला चारही गाड्या दिसेनाशा झाल्या आणि लाल झेंडा दाखवावा लागला. शेजारच्या बाईने रुमालाने पोराचं नाक झाकलं. मी मॅनेजरला शोधत खाली गेलो, तर तो मीटिंगमध्ये आहे असं सांगितलं.

तिथूनच प्लंबरना फोन लावला. धुळीचं सांगितलं.

"दुपारी किती वाजता पाणी मारलं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. मी तीनला आलो."

"सकाळी जायला हवं," ते म्हणाले. "तीनला जाऊन काय कळणार?"

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी सकाळी जातो, तुम्ही येता का? त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. त्याला आता तीन आठवडे झाले. मी दोन शनिवार सकाळी आठला फाटकाशी जाऊन उभा राहिलो. फाटक दुपारी एकलाच उघडतात.