छाट न झालेलं मत

आमची आई विड्या वळायची. सोलापुरात आमच्या वस्तीतल्या बहुतेक बायका वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओली करून कापलेली पानं, आणि बोटं सतत चाललेली. संध्याकाळी माल कारखान्यात न्यायचा. तिथे एक चेकर बसायचा. तो विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, सोडून बघायचा आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणायचे. छाट विडीचे पैसे नाहीत. का छाटली, हे विचारायचं नाही. आईने कधी विचारलंही नाही.

वडील गिरणीत होते. मी सहावीत असताना गिरणी बंद पडली. गेटवर सगळ्या रंगांचे पुढारी येऊन गेले, भोंगा पुन्हा वाजणार म्हणून सांगून गेले. वडील पुढे किती तरी दिवस भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. मग एक दिवस मुकाट्याने मार्केट यार्डात हमालीला गेले.

त्या वेळच्या निवडणुकीत आई ठेवणीतलं पातळ नेसून शाळेत मत टाकायला गेली. उन्हात रांगेत उभी राहिली. टेबलावरच्या माणसाने यादीवर पट्टी फिरवली आणि म्हणाला, "बाई, तुमचं नाव नाही. व्हा बाजूला." आम्ही भाड्याची खोली बदलली होती, कारण एवढंच. घरी येऊन तिने पातळ घडी करून पेटीत ठेवलं, सूप ओढलं आणि म्हणाली, "मला पण छाटलं."

पुढच्या वेळी तिचं नाव यादीत घालायचा फॉर्म मी भरला. आठवीत होते. सहीच्या जागी आईचा अंगठा उमटलेला बघून मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याची जास्त लाज वाटली. मग मी तिला सही शिकवली. पाटीवर, महिनाभर. तिच्याबरोबर माझीही सही पक्की झाली. मराठीत, पूर्ण नाव, शेवटचं अक्षर जरा मोठं. पुढे इंजिनियरिंगच्या पदवीवर तीच सही, पासपोर्टवर तीच. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. हे मी सांगते, कोणी विचारलं नाही तरी.

पदवीनंतर काही वर्षांनी इंग्लंडला गेले. मिडलंड्समधल्या एका लहान गावात गिअरबॉक्सचे भाग करणारा कारखाना होता, तिथे तपासणी विभागात लागले. मुलगी तिथेच झाली. तिथलं नागरिकत्वही घेतलं. नवऱ्याने घेतलं नाही, तो भारताच्या पासपोर्टला धरून राहिला. मग ब्रिटनने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं, आणि एक-दोन वर्षांत आमच्या मालकांनी काम जर्मनीला हलवायचं ठरवलं. पुन्हा गेटवर पुढारी. एकाने तर आमच्याबरोबर फोटो काढला, तो त्याच्या पत्रकावर छापून आला. कडेला अर्धी मी आहे. कारखाना बंद झाला, आता तिथे खोकी ठेवायचं गोदाम आहे. आमच्यातल्या काही जणांना कंपनीने इकडे घेतलं. म्हणून आम्ही जर्मनीत, नेकारसुल्मला आलो.

इथे कर भरते, मत नाही. भारतातलं मत पासपोर्टबरोबर गेलं. उरलं ते एकच, त्या गोदामाच्या गावातलं.

२०२४ च्या जूनच्या शेवटी, एका शुक्रवारी, टपालपेटीत त्या गावच्या टपाली मतपत्रिकेचं पाकीट आलं. मतदान पुढच्या गुरुवारी.

"आलं का राणीचं पत्र?" नवऱ्याने लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं.

"राणी गेली. आता राजा आहे."

"राजाचं तर राजाचं. हे गुरुवारपर्यंत परत पोचणार कसं? पोहत? जाऊ दे गं. कोणीही आलं तरी तुझा कारखाना उघडतोय थोडाच?"

"अहो, उघडायला कोण सांगतंय."

"मग कशाला जिवाला त्रास?"

मी पाकीट टेबलावर ठेवलं. मुलगी सोळा वर्षांची. आमचं मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनमध्ये. त्याच महिन्यात तिच्या वर्गातल्या मुलांनी युरोपच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं होतं, इथे त्यासाठी सोळा वर्षं पुरतात. हिला नव्हतं, कारण हिचा पासपोर्ट ब्रिटनचा. आठवडाभर ती घुम्यासारखी वागली होती. तिने पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, दास ब्रिंग्ट डोख निक्स." म्हणजे, त्याने काही होत नाही. सोळाव्या वर्षी आम्ही असं बोलत नव्हतो. आम्हाला वाटायचं, होतं.

शनिवारी सकाळी मी आमच्या तिकडच्या शेजारच्या म्हाताऱ्यांना फोन केला. ते त्याच कारखान्यात आयुष्यभर लेथवर होते. माझी शिफ्ट असली की मुलीला शाळेतून तेच आणायचे. तिकडे ते सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, मलाही.

"गावात कसं काय वारं आहे?" मी विचारलं.

"वारं नाहीच, लव्ह. पक्षाची पाटी लावलेलं एक घर नाही आमच्या रस्त्यावर. मी या खेपेला घरी बसणार आहे."

"तुम्ही?"

"आयुष्यभर एकाच पक्षाला दिलं. ते जिंकणार म्हणतायत. जिंकू देत. माझ्याशिवाय जिंकतील." मग खोकले आणि म्हणाले, "दारावर एक पोरगं आलं होतं पक्षाचं. त्याला विचारलं, कारखान्याचं काय? तर म्हणतो, कुठला कारखाना?"

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराच्या टेबलावर मतपत्रिका पसरली. नावं वाचली. प्रत्येकाचं पत्रक इंटरनेटवर शोधून वाचलं. सगळ्यांना 'बदल' हवा होता. कशात बदल, कोणाचा बदल, ते कुठेच नव्हतं. युरोपातून बाहेर पडण्याबद्दल चकार शब्द नाही, जसं काही घरातलं कोणी पळून गेलंय आणि नाव काढायचं नाही.

आणि मत द्यायचं ते फुली मारून. आमच्या शाळेत फुली म्हणजे चूक. माझ्या कामात फुली म्हणजे भाग नापास, भंगारात. त्या यादीवर खालपासून वरपर्यंत सगळ्यांनाच फुली मारावी असं हात म्हणत होता. शेवटी एकासमोर मारली. कोणाला ते सांगत नाही. गुपित म्हणून नव्हे, अभिमानाने सांगावं असं नाव त्यात नव्हतं.

मतपत्रिका आतल्या पाकिटात. सोबतच्या कागदावर जन्मतारीख आणि सही. दोन्ही बाहेरच्या पाकिटात, चिकटवलं, झालं. दहा मिनिटांचं काम, पण हमाली केल्यासारखी दमले. तोवर टपाल कचेरी बंद झाली होती. पाकीट फ्रीजवर ठेवलं.

संध्याकाळी भाजी निवडताना एकदम लक्षात आलं. सही.

कामावर मी दिवसात पन्नास तपासणी अहवालांवर सही करते. ती छोटी, इंग्रजी, दोन अक्षरं आणि एक शेपूट. मी त्या कागदावर तीच ठोकली होती. आणि नोंदणीच्या वेळी कागदावर सही करून फोटो पाठवला होता तो मराठी सहीचा. तिकडे दोन्ही सह्या शेजारी ठेवून बघतात. जुळल्या नाहीत तर आतलं पाकीट उघडतही नाहीत.

नवरा हसला. "म्हणजे विषयच संपला. आता झोप शांत."

खरं सांगते, क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल असतो. ती आता भावाकडे असते. विड्या सुटल्या, पण बोलताना बोटं अजून चालतात.

"टाकलीस का गं चिठ्ठी तिथल्या लोकांची?"

"नाही गं. सही चुकली. छाट होईल."

"सही चुकली? मला शिकवलीस अन् तू चुकलीस व्हय!" ती इतकी हसली की फोन हलला. "मग उकल की."

"पाकीट चिकटवलंय, आई."

"अगं बया, छाट झालेल्या विडीचं पान टाकून देत होतो व्हय आम्ही? वलं करून उकलायचं, अन् परत वळायचं. शिकलीस एवढी, हे नाही कळत?"

"एवढ्या लोकांत एक मत. कोण बघतंय?"

"चेकर बघतो ना," आई म्हणाली. "त्याच्यापुढं तर जाऊ दे. मला तर रांगेतनंच काढली होती."

ती एवढं बोलून भावाच्या सुनेच्या डोहाळजेवणाकडे वळली. मी मात्र तिथेच अडकले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिकडच्या निवडणूक कचेरीत फोन केला. बाई थकलेली होती, पण चांगली होती. म्हणाली, नवीन कागद जर्मनीत वेळेत पोचणार नाही. चुकलेली सही एका रेघेने खोडा, त्याच चौकटीत नोंदणीसारखी करा, आम्ही बघू. चालेल की नाही, हे आत्ता सांगता येत नाही. पाकीट आणून कोणी देणार असेल तर गुरुवारी मतदान केंद्रावर घेतील, आणणाऱ्याला एक फॉर्म भरावा लागेल.

घरी येऊन पातेल्यात पाणी उकळलं आणि पाकीट वाफेवर धरलं. मुलगी पाणी प्यायला आली आणि दारातच थांबली.

"आई! दास इस्ट इलेगाल!" म्हणजे, हे बेकायदेशीर आहे.

"माझंच पाकीट आहे. माझीच सही."

"निश्ट गान्त्स," ती म्हणाली, म्हणजे तसं अगदी नाही. पण गेली नाही, बघत राहिली. पाकीट सुटलं. मी कागद काढला, इंग्रजी सही एका रेघेने खोडली आणि खाली, चौकटीच्या आत, पूर्ण नाव लिहिलं. मराठीत. शेवटचं अक्षर जरा मोठं. तिने वाकून पाहिलं आणि माझ्या नावाचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, मोठ्याने, मराठीत. फार दिवसांनी.

आता पोचवायचं कसं? स्टुटगार्टच्या मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे. 'पुण्याहून कोणी येतंय का, आईचं मेतकूट आणायचंय', असं सगळं त्यावर चालतं. मी लिहिलं, 'बुधवारपर्यंत इंग्लंडला कोणी जातंय का? एक पाकीट आहे.' एका कंत्राटावरच्या इंजिनियरचा फोन आला. त्याची बुधवारी बर्मिंगहॅमला मीटिंग होती.

"ताई, लोणचं नाही ना? तेल गळतं."

"मत आहे."

"काय आहे?"

"मत. निवडणुकीचं."

तो इथल्या जर्मनांसारखा सुरू झाला. "आल्झो, ताई, दहा वर्षं झाली मला इकडे येऊन, भारतातही मत दिलं नाही आणि इथेही. आणि तुम्ही विमानाने पाठवताय." मग म्हणाला, "द्या. मंगळवारी स्टेशनवर भेटा."

त्याला मतदान केंद्रावर जायला वेळ नव्हता. म्हणून मी पुन्हा शेजारच्या म्हाताऱ्यांना फोन केला. मला ते मागणं जड गेलं. जो माणूस मत देणारच नाही म्हणतो, त्याला माझं नेऊन द्या म्हणायचं.

"मी जाणार नव्हतो," ते म्हणाले.

"माहितेय."

"चर्चच्या हॉलमध्ये आहे या वेळी. गुडघा दुखतो माझा." मग उसासा. "टाक म्हणावं त्याला दारातल्या फटीतून."

गुरुवारी दिवसभर मी अहवालांवर दोन अक्षरी सह्या केल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"दिलं तुझं. फॉर्म भरून घेतला, नाव-पत्ता विचारला. टेबलावरची मुलगी म्हणाली, तुमचं स्वतःचं?"

"मग?"

"मी म्हणालो, माझं नाही. हे माझ्या शेजारणीचं." मग म्हणाले, "मागे कोणी रांगेत नव्हतं, लव्ह. आलो घरी."

मी आभार मानले आणि गुडघ्याची चौकशी केली. स्वतःचं का दिलं नाही, हे विचारायचा हक्क मला वाटला नाही. दुसऱ्या दिवशी सरकार बदलल्याच्या बातम्या होत्या. आमच्या गावातून कोण निवडून आलं ते बघितलं. मी फुली मारली तो नव्हता. नवरा म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, "नाही. पण तुम्ही भात लावा."

सही जुळली नाही तर कचेरी पत्राने कळवते, असं त्या बाईने सांगितलं होतं. जुलैभर मी रोज टपालपेटी उघडत होते. विमा, विजेचं बिल, घरमालकाची कचऱ्याच्या डब्यांबद्दलची सूचना. ते पत्र आलं नाही. तरी मला खात्री हवी होती, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा फोन केला. त्याच बाईने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कळा दाबल्याचा आवाज आला.

"दुसरी सही ग्राह्य धरली आहे," ती म्हणाली.

त्या रविवारी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि भावाच्या सुनेला मुलगी झाल्याचं सांगू लागली.

माझ्या मताने तिकडे काही बदललं नाही, बदलेल असं मला आता वाटतही नाही. माझा उमेदवार हरला, कारखाना बंदच आहे, आणि पुढच्या वेळी मी एवढी धावपळ करीन की नाही सांगता येत नाही. पण मराठी सहीचं ते एक मत चेकरपुढे गेलं, छाट झालं नाही, मोजलं गेलं.