पन्हळीतलं सोनं

आमच्या घरात एक गोष्ट आहे, नदीतल्या सोन्याची. बारशाला, साखरपुड्याला, अगदी तेराव्याचं जेवण उरकून माणसं जरा सैल झाली की कोणीतरी म्हणतंच, "दादा, ते सोन्याचं सांगा ना." मग मी आढेवेढे घेतो, पाणी मागवतो आणि सांगतो. कुठे थांबलं की लोक हसतात, हे मला पाठ आहे. पण त्या गोष्टीतला एक तुकडा मी कायम गाळत आलो. तो कोणालाच माहीत नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या ॲसिडिटीपासून मुख्याध्यापकांवरच्या रागापर्यंत तिला सगळं माहीत असतं, तेव्हा काय ते समजा.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या नात्यातले नाही, म्हणून जमेल असं वाटतं. बघू.

मी पेणला शाळेत भूगोल शिकवतो. आपला सगळा मुलूख लाव्हाच्या काळ्या कातळाचा, यात सोनं मिळत नाही, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुलं ते उतरवून घेतात. आणि तरीही पन्नाशी ओलांडल्यावर मला सोनं शोधायचं वेड लागलं. दोष मोबाइलचा. दाढीवाले परदेशी बाप्ये नदीत एक लांबोडकी पेटी ठेवतात, वरून फावड्याने वाळू ओततात, आणि संध्याकाळी तळहातावर पिवळे कण दाखवतात. मी ते बघत बसायचो. लहानपणी पेणच्या सोनारआळीत झारेकरी यायचे, दुकानासमोरची माती झाडून नेऊन धुवायचे, त्यातून सोन्याचे कण काढायचे. तेव्हाही मी असाच बघत उभा राहायचो, मार खाईपर्यंत.

त्या पेटीला व्हिडिओत स्लूस म्हणतात. मी एक करून घेतला. विकत मागवायचा म्हटला तर बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं, म्हणून करूनच घेतला. गणपतीचे पाट करणाऱ्या सुताराकडून प्लायवूडची, दोन्ही टोकं उघडी असलेली पन्हळ, तळाला गाडीत पायाखाली घालतात ती रेघारेघांची रबरी चटई, आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या. पाणी वाळू वाहून नेतं. जे जड असतं ते पट्ट्यांच्या आड अडकून बसतं. एवढंच त्यातलं शास्त्र. "कशाला हवीय?" सुताराने विचारलं. मी म्हटलं, "शाळेत प्रयोग आहे." बघा, खोटं तिथूनच सुरू झालेलं. पण ते काही नाही. ते तर मी मुलांच्या हजेरीतही बोलतो.

आमचं मूळ घर रोह्याच्या अलीकडे, कुंडलिकेच्या काठाला. तिथे आई, धाकटा भाऊ विलास आणि त्याची बायको मंगल. विलास धाटावला कंपनीत शिफ्टमध्ये. वरच्या वीजघराचं पाणी सोडतात म्हणून नदी आमच्याकडे उन्हाळ्यातही वाहती असते, त्यामुळे पन्हळ तिथेच नेली. दर रविवारी पेणहून गाडीत बसायचो — नागोठणे करत — आणि घरामागच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहायचो. विलास वरून ओरडायचा, "दादा, भूगोल सोड, सराफी काढ." आईने शेजारणींना सांगितलं होतं की त्याला पाठीसाठी पाण्यात उभं राहायला डॉक्टरने सांगितलंय. पोरगा खुळा झाला म्हणण्यापेक्षा ते बरं. रविवारमागून रविवार मला काळी रेती, बाटल्यांची बुचं आणि गळाचे आकडे मिळाले.

थट्टा न करणारी घरात एकच होती, मंगल. ती चहा घेऊन पायऱ्या उतरायची. "घावला काय भावजी?" मी मान हलवायचो. "घावंल हो. नदी हाय, कवातरी देईल." आणि कप घेऊन परत वर.

आता मंगलबद्दल सांगायला हवं. हे मी मुद्दाम मागे ठेवत होतो, तुमच्या लक्षात आलं असेल.

मंगल पेणच्या खाडीकाठची, मिठागरात राबणाऱ्यांच्या घरातली. विलासने आपल्या मनाने लग्न केलं. आमच्याकडे जमीन होती तेव्हाचा ताठा जमीन गेल्यावरही गेला नव्हता. आईने तिला घरात घेतलं, पण देवघरात यायला बरीच वर्षं लागली. शेवटी, मी पन्हळ नदीत लावायच्या आधीच्या गणपतीला आईने आपण होऊन तिला सांगितलं, "यंदा देवाचे दागिने तू उतरव." विसर्जनाआधी, उत्तरपूजा झाली की मूर्तीवरचे दागिने काढायचे असतात, ते काम. मंगल त्या दिवशी नवी साडी नेसली होती. दागिने ते कितीसे? मुकुट, एक कंठी, आणि सोन्याची दुर्वा. तीन पात्यांची, बोटाच्या पेराएवढी, माझ्या पणजोबांनी केलेली. हिरव्या दुर्वांच्या जुडीत ती खोवायची आणि जुडी मुकुटावर ठेवायची, अशी आमची रीत.

मूर्ती मी डोक्यावरून नेली, घरामागच्या पायऱ्यांवरून नदीत सोडली. शाडूची होती, बघता बघता विरली. घरी आलो तर आईचा आवाज, "अगो मंगल, दुर्वा कुठं हाय?"

मुकुटावरची जुडी मंगलने काढून ठेवली होती. तिच्यात दुर्वा नव्हती. ताट, पाट, निर्माल्याची टोपली, सगळं उलटंपालटं केलं. मंगल केरसुणीच्या काड्या सुट्या करून बघत होती. कोणी तिला काही म्हणालं नाही, आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. आईने फक्त कपाटाची किल्ली कमरेला लावली. एक आत्या आली होती, ती जेवताना सहज म्हणाली, "मिठात राबलेला हात, त्याला सोनं चिकटायचंच." त्यानंतर मंगलच्या भावाने मोटरसायकल घेतली. आई म्हणाली, "व्हय काय? बरं झालं." बास, एवढंच. पुढे देवघरात दिवा लावायची वेळ झाली की आई स्वतः गुडघे धरत उठायची, आणि मंगल उंबऱ्याबाहेर उभी राहायची.  बायकोकडे बघताना विलासही जरा थांबायचा. ते मी पाहिलंय.

हे सगळं मी माझ्या सोन्याच्या गोष्टीत सांगत नाही. तिथे मी थेट माघातल्या त्या सकाळवर येतो.

पन्हळ पायऱ्यांच्या थोडी खाली लावली होती. मंगल चहा देऊन नुकतीच वर गेली होती. चटई उचलून बादलीत झटकली, गाळ परातीत घेतला, पाण्याने गोल फिरवत हलकी रेती काढत गेलो. आणि काळ्या रेतीत पिवळं चमकलं.  अंगठ्याने रेती बाजूला केली — तर पातं. एक, आणि त्याला जोडून आणखी दोन, मुरगळलेली.

दुर्वा.

आणि तेव्हा मला आठवलं. शेवटच्या दिवशीची पूजा मी केली होती. जुडी मुकुटावर बसेना, घसरत होती, म्हणून सोन्याची दुर्वा असलेली ती जुडी मी सोंडेमागे खोवली आणि मुकुटावर दुसरीच ठेवली. कोणाला सांगितलं नाही. मंगलने दागिने जिथे असतात तिथे पाहिले, आणि मूर्ती मीच पाण्यात सोडली. तेव्हाच आठवलं? की घर उलटंपालटं करत होते तेव्हाही कुठेतरी आत ठाऊक होतं? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. उत्तर येत नाही, किंवा मी येऊ देत नाही.

मी उठलो, हे खरं आहे. "मंगल" अशी हाक तोंडात आली होती. दोन पायऱ्या चढलोसुद्धा. मग डोळ्यांसमोर सगळं आलं. आईला काय सांगणार? की माझ्या हातून गेली, आणि तुम्ही सगळे इतके महिने — आणि मीही त्यात? आणि दुसरी गोष्ट, हिची जास्त लाज वाटते. अख्खा हिवाळा मी पाण्यात उभा होतो. हातात सोनं होतं. खरं, नदीतून काढलेलं, माझ्या पन्हळीने पकडलेलं. ते जर नुसतीच घरची हरवलेली दुर्वा ठरली, तर विलास आयुष्यभर हसला असता.

मी परत खाली उतरलो. कपडे धुवायच्या दगडावर दुर्वा ठेवली आणि दुसऱ्या गुळगुळीत दगडाने ठेचली. घडी घातली, पुन्हा ठेचली. सोनं फार सोशिक असतं. ते कुरकुरत नाही, तुटत नाही, म्हणाल तसं होतं. पात्यांच्या रेघा गेल्या. शेवटी तुरीच्या डाळीएवढा, वेडावाकडा खडा राहिला. वाळूत घासून त्याची चकाकी घालवली. एवढं सुचलं मला. वर्गात मुलांनी इतकं डोकं वापरलं असतं तर पाठ थोपटली असती.

मग वर गेलो आणि मूठ उघडली.

इथून पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. विलास जमिनीवर बसला, आईने खडा डोळ्यांना लावला, अर्धं गाव बघून गेलं. सगळ्यांत जास्त आनंद मंगलला. "मी सांगत व्हते की नाय? भावजींना घावंल म्हणून?" तिने शिरा केला, घरोघर वाटला. तिला वाटलं असावं की सोनं आलं म्हणजे सोन्यावरून झालेलंही आता संपेल. आई म्हणाली, "देवाची वस्तू घरातून गेली, देवानेच नदीतून भरपाई केली. याची दुर्वा घडवून आण." मी पेणला सोनाराकडे गेलो. नदीतलं म्हणालो नाही, तो ओळखेल अशी भीती होती. "घरातलं जुनं आहे," म्हटलं. त्या सगळ्या प्रकरणात खरं बोललो ते एवढंच.

नवी दुर्वा आली, तीन पात्यांची. आईने ती डबीत ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ही मंगलच्या हाती नको." मंगल शिऱ्याची परात घासत होती. घासत राहिली.

मी तिथे होतो. माझं जेवण चाललं होतं.

नंतर सांगायच्या संधी आल्या नाहीत, असं म्हणून बघतो कधीकधी. पण दर रविवारी ती संधी चहाचा कप घेऊन पायऱ्या उतरत होती. मी पन्हळ माळ्यावर टाकून दिली. लोकांना वाटलं, सर समाधानी झाले.

शेवटच्या आजारपणात आई माझ्याकडे पेणला होती. एका दुपारी मला जवळ बसवलं. म्हणाली, "मंगलला सांग, दुर्वेचं मी मनात ठेवलेलं नाय. माफ केलं म्हणून सांग." आईचं डोकं लखलखीत शुद्धीवर होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर तिला कळलं असतं की माफ कोणाला करायचं. मी म्हटलं, "सांगतो."

आणि सांगितलं. म्हणजे पाहा — दुर्वा ठेचणारा मी, आणि जिने ती चोरलीच नाही तिला माफीचा निरोप नेणाराही मीच.

मंगल मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत होती, बिरड्यासाठी. मी उभ्याउभ्याच निरोप दिला. तिची बोटं चालू होती. सोलता सोलताच म्हणाली, "माफ? मी घेतली नाय, भावजी."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

तोंडातून गेलं. मला वाटलं, आता पुढचं बोलावंच लागेल. आता ती विचारेल, कसं माहीत? मी वाट बघत होतो. तिने विचारलं नाही. बोटं थांबली, वालाची सालं ओंजळीत तशीच. माझ्याकडे वर बघून म्हणाली, "माहीत हाय? तुमाला पयल्यापासून माहीत हाय?"

मी मान हलवली.

"ह्यांनीपण कधी असा बोलला नाय मला," ती म्हणाली. ह्यांनी म्हणजे विलासने. "कोणतरी एक मानत व्हता, तेवढा पुरे. आता बाकीच्यांचा मला काय नाय." आणि पदराने डोळे न पुसता पुन्हा वाल सोलायला लागली. मी नागोठण्यापर्यंत गाडीत उभा राहिलो, जागा रिकामी असून.

आई गेली. दुर्वा आता माझ्याकडे असते. सापडली त्याची, असं आई सांगून गेली. गणपतीत मी ती मंगलसमोर धरली होती एकदा. तिने हात मागे घेतले. "नको भावजी. तुमीच ठेवा, तुमीच काडा. उगाच कोणी बोलायला नको." मी आग्रह केला नाही.

विलासला कंपनीच्या कामाने पेणला यावं लागलं की त्याच्या हाती मंगल डबा पाठवते. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, कधी सुकट. विलास म्हणतो, "तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवते. आम्हाला हात लावू देत नाही. काय जादू केलीस रे तिच्यावर?" मी हसतो.

परवाही डबा आला. बिरडं चांगलं झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.