उसाचा हिरवा

एका डिझाइन सल्लागार संस्थेत मोबाइलच्या पडद्यांची रचना करण्याचे काम मी निवृत्तीपर्यंत केले. त्यांतील एका पडद्याचा मला आजही अभिमान आहे.

एका साखर कारखान्याला ऊसतोडीची पाळी शेतकऱ्यांना फोनवर कळवायची होती. पाळी आली की पडदा हिरवा होईल, असे मी ठरवले होते. चाचणीसाठी तो पलूसजवळच्या एका बागायतदारांना दाखवला. त्यांनी पाहिले आणि फोन शांतपणे परत दिला.

"काय समजलं?" मी विचारले.

"आवं सायेब, अजून हिरवाच हाय की. तोडीला लय अवकाश हाय."

अशाने खरी पाळी चुकली असती आणि ऊस फडातच वाळला असता. मी बांधावर बसून हिरवा रंग पुसला आणि तेथे उसाने भरलेली ट्रॉली रेखाटली. संस्थेतून सोबत आलेले सहकारी कुरकुरले; हिरवा म्हणजे 'निघा' हे कोणालाही कळते, असे त्यांचे म्हणणे. मी फोन पुन्हा बागायतदारांच्या हाती दिला.

त्यांनी एकदाच पाहिले आणि घराकडे तोंड करून पत्नीला हाक दिली, "अगं, म्हशी काढ वाटंतनं. तोडीची टोळी येतीया."

ही केवळ चाचणी आहे, हे मला त्यांना सांगावे लागले.