सदतिसावं वाण

नवऱ्याला दारूचा नाद नाही, पत्त्यांचा नाही, एवढं बघून माझ्या आईने श्रीनाथला पसंत केलं. जुन्या कपबश्यांचा नाद असू शकतो हे बिचारीच्या स्वप्नातही आलं नसेल.

श्रीनाथ चिंचवडच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. बावीस वर्षांपूर्वी आम्ही मेलबर्नला आलो, तर इथेही डँडेनॉन्गला ट्रकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तेच काम. पाच दिवस लोखंडातली खोट शोधायची आणि शनिवारी सकाळी ऑप शॉपमध्ये जाऊन मातीतली. ऑप शॉप म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तूंचं दुकान. मी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, कुणाकुणाची उष्टी भांडी माझ्या स्वयंपाकघरात नकोत. त्यावर तो म्हणाला, "अगं, हॉटेलात काय तुझ्यासाठी कोरी बशी काढतात?" असा माणूस. भांडताही येत नाही नीट.

हा नाद त्याला लावला समोरच्या घरातल्या जपानी ओकाडाबाईंनी. एकदा तो लोणच्यासाठी बरणी आणायला गेला आणि बरणी सोडून निळ्या फुलांच्या पाच चिमुकल्या ताटल्या घेऊन आला. ओकाडाबाई फुटपाथवर गुलाब छाटत होत्या. त्यांनी एक ताटली हातात घेतली आणि आधी उलटी केली. वरचं चित्र नंतर बघायचं, म्हणाल्या. तळ बघायचा, तळाच्या कडेवरून बोट फिरवायचं, मग टिचकी मारून ऐकायचं. आपण माठ घेताना वाजवून बघतो तसं. आणि जपानमध्ये सेट पाचाचाच असतो, सहाचा नाही, हेही तेव्हाच कळलं. श्रीनाथ एवढा खूश झाला, जणू कुणी त्याला प्रमोशन दिलं. तेव्हापासून तो प्रत्येक शनिवारची कमाई आधी त्यांना दाखवायचा आणि मग घरी आणायचा. चारातल्या तीन गोष्टी त्या "नो गुड" म्हणून नापास करायच्या. बाई नवऱ्यापेक्षा कडक इन्स्पेक्टर होत्या.

गेल्या जूनमध्ये ओकाडाबाई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. वय चौऱ्याऐंशी. त्या हॉस्पिटलमध्ये असताना त्यांचा मुलगा केन ब्रिस्बेनहून आला. आईला वॉकर घेऊन फिरता यावं म्हणून त्याने स्वयंपाकघर मोकळं केलं आणि चार खोकी दानाच्या ट्रकमध्ये चढवली. मुलगा वाईट नाही हो. घाईत होता. पण त्या खोक्यांत त्यांच्या नवऱ्याचा चहाचा पेला गेला. हिरोशी ओकाडा नऊ वर्षांपूर्वी वारले. बाई रोज सकाळी स्वतःबरोबर त्या पेल्यातही चहा ओतायच्या.

"बाकी काही गेलं तरी चालेल," त्या हॉस्पिटलच्या पलंगावरून श्रीनाथला म्हणाल्या. एवढंच. शोध म्हणाल्या नाहीत. पण श्रीनाथने ते ऐकलं आणि माझे शनिवार संपले.

जुना एक फोटो मिळाला, त्यात हिरोशींच्या हातात तो पेला होता. तपकिरी, उंचसर, कान नसलेला, आणि एका बाजूला अंगठा बसेल एवढा खळगा, घडवतानाच दाबलेला. श्रीनाथने त्या फोटोच्या साठ प्रती काढल्या. क्लेटनपासून पार समुद्राकाठच्या गावांपर्यंत, जिथे जिथे ऑप शॉप तिथे तिथे आत जाऊन काउंटरवरच्या बाईला फोटो द्यायचा, खाली आपला नंबर. लोक हसायचे. मीही हसले, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "अरे, मेलबर्नमध्ये एक पेला! गवतात सुई तरी चमकते." तो म्हणाला, "फुटला नसेल तर कुठेतरी असणारच ना?" सात महिने. पावसात, चाळीस डिग्रीत, एकदा ताप असताना. मी रागावून डबा दिला नाही तर पेट्रोल पंपावरचं पॅटिस खाऊन गेला.

डिसेंबरमध्ये ठरलं की केन आईला कायमची ब्रिस्बेनला नेणार. फेब्रुवारीचा पहिला सोमवार. घर विकलं गेलं. आणि त्याच्या दहा दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी, रजा टाकून बॅलरॅटला गेलेला श्रीनाथ परत आला तो दारातूनच ओरडला, "चित्रा, सापडला!"

मी तेव्हा काय करत होते? तिळाचे लाडू वळत होते. गुळाचा पाक हाताला चटके देत होता, दुसऱ्या दिवशी माझं हळदीकुंकू होतं, छत्तीस बायका येणार होत्या. मी मागे वळूनही बघितलं नाही. "हो का? बरं झालं, दार लावून घे," म्हटलं. त्याने पेला घासला, कपड्याने पुसला आणि वाळायला म्हणून ओट्याच्या टोकाला पालथा ठेवला; तुझी गडबड आटोपली की रविवारी दोघं मिळून नेऊन देऊ, म्हणाला. आदल्या आठवड्यात फॉस्टर स्ट्रीटच्या इंडियन दुकानातून आणलेले माझे छत्तीस तपकिरी कुल्हड तिथेच पालथे होते. त्या वर्षीचं माझं वाण.

शनिवारी सकाळी मी आणि लेक अनुष्काने प्रत्येक कुल्हडात तिळगूळ घातला, वर पारदर्शक कागद, लाल रिबन. अनुष्का म्हणाली, "मम, देअर आर थर्टीसेव्हन." मी म्हटलं, "दुकानदाराने एक जास्त दिला असेल, देव भलं करो त्याचं." झालं. संध्याकाळी हॉल भरला, हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, आणि प्रत्येकीच्या ओटीत माझं वाण. मयूराची नणंद आयत्या वेळी आली, तिलाही पुरलं. मी काय खूश!

रविवारी सकाळी श्रीनाथ रिकाम्या ओट्यासमोर उभा. "पेला कुठे ठेवलास?"

अनुष्काचं ते थर्टीसेव्हन मला तेव्हा आठवलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं त्याने, मला बरं वाटलं असतं. तो स्टुलावर बसला आणि अगदी हळू म्हणाला, "वाण परत मागता येत नाही ना?"

नाही येत. माझ्या आईने, सासूने, कुणी कधी मागितलं नाही. सवाष्णीच्या ओटीत घातलेलं वाण म्हणजे दिलं ते दिलं. पण त्याचा चेहरा बघून मी म्हटलं, "मी मागणार. सगळ्या गावाने तोंडात शेण घातलं तरी मागणार."

मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकला आणि लिहिलं, आपापल्या कुल्हडाचा फोटो पाठवा, एक चुकून गेलाय. काय सांगू, कसली चेष्टा झाली! "काकू, वाणाचं रिफंड सुरू झालं का?" एकीने लिहिलं, "मी तर तुळस लावली त्यात." मी प्रत्येकीला फोन लावला. सोमवारी सुट्टी होती म्हणून बरं. रात्रीपर्यंत छत्तीस फोटो आले, सगळे चकचकीत, सगळे फॉस्टर स्ट्रीटचे. एकाच बाईचा फोटो नाही आणि फोनही नाही. मेधाचा. आम्ही पंधरा वर्षांच्या मैत्रिणी.

बुधवारी कामावरून सुटल्यावर मी थेट तिच्या दारात. दार उघडलं ते अर्धंच.

"मेधा, तुझ्याकडे आलाय ना तो?"

"आला होता." तिने दार धरूनच ठेवलं. "सगळ्यांना कोरं वाण आणि मला जुनाट, आतून चहाचे डाग पडलेलं! मला वाटलं, मागच्या भिशीवरून आपलं वाजलं म्हणून मुद्दाम दिलंस. मी चार दिवस झोपले नाही, चित्रा."

"अगं बाई! आणि मला विचारायचं नाहीस?"

"वाणाबद्दल विचारायचं? कसं विचारू?"

खरंच होतं ते. परत मागता येत नाही तसं तोंडावर नावही ठेवता येत नाही. मी तिथे उंबऱ्यावरच ओकाडाबाईंची सगळी गोष्ट सांगितली. मेधा ऐकता ऐकता भिंतीला टेकली. "मी टाकला गं," ती म्हणाली. "काल क्लेटनच्या चर्चच्या ऑप शॉपच्या दाराशी, जुन्या पडद्यांबरोबर. रागात."

मला हसावं की रडावं कळेना. सात महिने माझा नवरा जिथून वस्तू बाहेर काढायला धडपडला, तिथेच आम्ही दोघींनी मिळून ती पुन्हा नेऊन घातली.

दुकान पाचला बंद झालं होतं. गुरुवारी मी आयुष्यात पहिल्यांदा आजारी असल्याचं खोटं सांगितलं आणि नऊला दुकानाच्या दारात उभी राहिले. बावीस वर्षांत त्या दारातून आत गेले नव्हते. आत जुन्या कपड्यांचा वास, ढीगभर कप, सगळे एकमेकांसारखे. मी एकेक उचलून उलटा करू लागले. तळ, कड, टिचकी. माझी मलाच लाज वाटली, तो इतकी वर्षं बडबडत होता ते सगळं मला पाठ होतं. तपकिरी खूप होते, खळगा एकालाही नव्हता. दोन शेल्फं झाली, तिसरं झालं, खालचे ट्रे झाले. आता इथून कुणी उचलून नेला असेल तर शहरात कुठे शोधू, या विचाराने रडू फुटायला आलं होतं.

"काय शोधतेस गो?" काउंटरमागून आवाज आला. रीटा, वसईची, दर गुरुवारी तिथे फुकट काम करते. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "श्रीनाथची बायको? तू? देवा!" आणि आत गेली. मागच्या खोलीच्या फळ्यावर हिरोशींचा तो फोटो सात महिने टाचणीला लटकत होता. सकाळी मेधाच्या पडद्यांचं गाठोडं सोडताना पेला दिसल्याबरोबर तिने तो तिथे, फोटोखाली काढून ठेवला होता. "आज दुपारी त्यालाच फोन करणार होते. दर खेपेला नवीन पोरं येतात कामाला, प्रत्येकाला आधी तो फोटो दाखवते मी. तो बाबा सोडतो काय कुणाला!"

मी तिथेच, जुन्या पडद्यांच्या ढिगावर बसून रडले. पेला मिळाला म्हणून तर रडलेच. पण मी हसत होते त्या सात महिन्यांत अनोळखी माणसांनी माझ्या नवऱ्याचं म्हणणं मनावर घेतलं होतं, त्याचंही रडू आलं.

रविवारी दुपारी आम्ही दोघं समोर गेलो. घरात नुसती खोकी. केन चाव्या द्यायला एजंटकडे गेला होता. श्रीनाथने पेला पुढे केला. ओकाडाबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, सवयीने आधी उलटा केला, मग खळग्यात अंगठा बसवला. अंगठा छोटा पडला. श्रीनाथ खिडकीबाहेर बघत नाक पुसत होता.

मग मी कबूल केलं, माझ्यामुळे हा पेला आणखी एक चक्कर मारून आलाय. त्या हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "दर जानेवारीला तुमच्याकडे साड्या नेसून खूप बायका येतात. मी खिडकीतून बघते. फार सुंदर दिसतात. कुणाचा वाढदिवस असतो का?"

मी समजावून सांगायला लागले. हळदीकुंकू, तिळगूळ, वाण. आसपासच्या सगळ्या बायकांना बोलावतो, म्हटलं. सगळ्या म्हणजे, ज्यांचे नवरे आहेत अशा. एवढं तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. त्यांनी फक्त मान हलवली. "आय सी," म्हणाल्या, जराही राग नाही.

चौदा वर्षं आम्ही समोरासमोर राहतो. पहिली पाच वर्षं हिरोशी होते. तेव्हा मी या बाईंना बोलावलं नाही, कारण परक्या, त्यांना यातलं काय कळणार. ते गेले, तेव्हा विधवा म्हणून नाही. माझी आई बाबांनंतर दर हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसायची आणि लाडू मात्र तिनेच वळलेले असायचे. तेव्हा मी चिडून म्हणायचे, माझ्या घरी असलं चालणार नाही. आणि माझ्या घरी तेच चाललं होतं, रस्त्यापलीकडच्या खिडकीसकट.

"पाच मिनिटं थांबा, कुठे जाऊ नका," मी म्हटलं. श्रीनाथ बघतच राहिला. मी धावत रस्ता ओलांडला. देवघरातली हळदकुंकवाची कुयरी घेतली, डब्यातले उरलेले लाडू घेतले. रथसप्तमीला अजून दोन दिवस होते, म्हणजे हळदीकुंकू चालणार होतं. नसते दिवस उरले तरी मी गेले असते.

परत येऊन मी त्यांना विचारलं, लावू का? त्या म्हणाल्या, "माझा नवरा नाही, चित्रा-सान." मी म्हटलं, "माहीत आहे. तुम्ही आहात ना." मी तो पेला त्यांच्या हातातून घेतला, तिळगुळाने भरला आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिला. खुर्च्या सगळ्या ट्रकमध्ये गेल्या होत्या. ओकाडाबाई एका खोक्यावर बसल्या, कार्डिगनची बटणं नीट केली, डोळे मिटून कपाळ पुढे केलं, आणि मी त्यांना चौदा वर्षं उशिरा कुंकू लावलं.