चुकीची उत्तरं बनवणारा माणूस

बरोबर उत्तर काय, कुणीही काढतं हो. पुस्तकात असतंच ते. चुकीचं उत्तर बनवायला मात्र डोकं लागतं. ते असं हवं की बघताक्षणी मुलाला वाटावं, हेच! आणि त्यावर खूण करून तो निर्धास्त पुढे जावा. अशी चुकीची उत्तरं बनवण्यात पेपरसरांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका प्रश्नाला तीन, पेपरात साठ प्रश्न, महिन्याला दोन पेपर, आणि हे एकोणीस वर्षं. करा हिशोब. माझ्याच्याने होत नाही.

शिकवायचे ते भौतिकशास्त्र, पण त्यासाठी त्यांना कुणी ओळखायचं नाही. चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तो क्लास होता. बारावीची बासष्ट मुलं कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी तिथे घाम गाळायची, आणि त्यांच्या सरावपरीक्षेचा पेपर हे काढायचे म्हणून ते पेपरसर. क्लासचे मालक म्हणजे मोठे सर. मोठे सर स्वतः काही शिकवत नसत. ते फक्त मोठे होते.

पेपर काढायची एक खोली होती. आत टेबल, खुर्ची, छपाईचं यंत्र, आणि एक खिडकी, जी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागायची. सकाळी दहाला पेपरसर आत गेले की मोठे सर त्यांचा मोबाइल काढून घ्यायचे आणि बाहेरून कुलूप लावायचे. पाचला उघडायचे. पेपर फुटू नये म्हणून. गंमत म्हणजे हा नियम पेपरसरांनीच सुचवलेला, नोकरीला लागल्या लागल्या, तरुणपणीच्या उत्साहात. स्वतःहून कोंडून घेतलेला माणूस तक्रार तरी कुणाकडे करणार? त्याच उत्साहात केलेला दुसरा नियम ऑफिसात फ्रेम करून टांगला होता: पेपर फुटला तर काढणारा घरी जाईल, आणि ज्याच्यामुळे फुटला तो विद्यार्थीही घरी जाईल.

त्या वर्षी बासष्टात एक त्यांची मुलगी होती. लहानपणापासून मोठ्या बायकांसारखं बोलायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं आजीबाई. चार वर्षांची असल्यापासून बाबांच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायची, पुढे गणितं करायला लागली. सरकारी इंजिनियरिंग कॉलेज हवं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. खाजगी कॉलेजचा विषय त्या घरात निघत नव्हता, कारण तो निघून उपयोग नव्हता. परीक्षा एकदाच, जागा मोजक्या.

आणि त्या वर्षी काय चमत्कार झाला, देव जाणे, पण क्लासचे मार्क चढायला लागले. चाळीसवर अडकणारी मुलं पंचेचाळीस पार करायला लागली. आजीबाई तर सलग तीन सरावपरीक्षांत पहिली. मोठ्या सरांनी रस्त्यावरून दिसेल असा भलामोठा फलक लावला आणि त्यावर सगळ्यात वर तिचा फोटो.

"अहो, माझा विश्वासच बसत नाही," त्यांची बायको म्हणाली. "आपली आजीबाई!"

"का? माझी मुलगी आहे," पेपरसर म्हणाले. आठ दिवस ते फलकाखालून जाताना चाल हळू करायचे. माणूसच तो.

खऱ्या परीक्षेला पाच आठवडे राहिले होते. एका सरावपरीक्षेनंतर वर्गातली रद्दी गोळा करताना बाकाखाली त्यांना चार पानी झेरॉक्स सापडली. वर लिहिलं होतं, 'सरांच्या पेपरचे नियम'. उभ्याउभ्याच ते वाचायला लागले.

'दोन पर्याय एकमेकांच्या दुप्पट असतील तर उत्तर त्या दोघांतच. बहुतेक लहान असतं ते.'

'एकाच पर्यायात दशांशानंतर दोन आकडे असतील तर डोळे मिटून तो. सर बरोबर उत्तर कॅल्क्युलेटरवर काढतात, चुकीची मनाने ठरवतात.'

'यांपैकी नाही, हा पर्याय सर कंटाळले की टाकतात. तो कधीच बरोबर नसतो.'

'सगळ्यात लांब वाक्य बरोबर. खरं सांगताना सरांना थोडक्यात सांगता येत नाही.'

'शेवटचे दहा प्रश्न साडेचारनंतरचे. सरांना तेव्हा चहा हवा असतो. ब जास्त येतो.'

पेपरसर हसायलाच लागले. अरे, किती खरं! एकोणीस वर्षांत त्यांच्या बायकोनेही त्यांना इतकं ओळखलं नव्हतं. असे तेवीस नियम होते. हसत हसत ते शेवटच्या पानावर आले आणि त्यांचं लक्ष अक्षराकडे गेलं. 'ळ'ची दुसरी गाठ जरा मोठी. तो 'ळ' त्यांनीच हात धरून गिरवून घेतला होता.

हसणं जागच्या जागी विरलं. झेरॉक्स घडी करून त्यांनी खिशात घातली आणि घरी जाईपर्यंत तीनदा खिसा चाचपून पाहिला.

घरी आजीबाई टेबलाशी बसली होती. बायको ड्यूटीवरून यायची होती. सरांनी चप्पलही काढली नाही.

"एक गणित सोडव," ते म्हणाले. "तीस मीटर उंच गच्ची. काठावरून चेंडू सरळ वर फेकला, सेकंदाला पाच मीटर वेगाने. गुरुत्वाचे दहा धर. जमिनीवर पडायला किती वेळ?"

तिने कागद ओढला, पेन घेतलं आणि थांबली.

"पर्याय काय आहेत?"

"पर्याय नाहीत."

"मग कसं सांगू?"

"अगं, गेल्या पेपरातलाच प्रश्न आहे. तू बरोबर सोडवलास."

"हो, आठवतोय. तीन आणि सहा होते. दुप्पट. म्हणून लहान." एवढं बोलून तिने जीभ चावली.

सरांनी झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"मी एकीलाच दिली होती," आजीबाई म्हणाली. "तिने झेरॉक्स काढली."

"पण का, बाळा?"

"का म्हणजे?" तिचे डोळे भरून आले, पण आवाज चढला. "तुम्हीच सांगता ना वर्गात? पहिल्या दिवसापासून सांगता. नुसता प्रश्न सोडवू नका, पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात शिरा. मी शिरले! मला दुसरा कोण पेपर काढणारा माहीत आहे, बाबा? मला वाटलं, हाच अभ्यास."

एकोणीस वर्षं तेच वाक्य, तोच हातवारा, आणि त्यावर मुलांच्या टाळ्या. त्यांना म्हणायचं होतं खऱ्या परीक्षेबद्दल. पण खरी परीक्षा काढणाऱ्यांना ना त्यांनी कधी पाहिलं, ना मुलांनी. मुलांना डोकं मिळालं ते यांचंच. बासष्ट मुलं वर्षभर भौतिकशास्त्र नव्हे, पेपरसर शिकत होती.

मोठ्या सरांना सांगावं, तर भिंतीवर नियम टांगलेला. बापाने पेपर काढले आणि मुलीने नियम वाटले. यात बापाचा हात नाही, यावर शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का? सरांची नोकरी जाईल, आणि पाच आठवडे राहिले असताना मुलीला क्लासबाहेर काढतील, तेही फसवणुकीचा शिक्का मारून. गप्प बसावं, तर बासष्ट मुलं खऱ्या परीक्षेच्या खोलीत पेन धरून बसतील आणि कुणाच्याही डोक्यात शिरता येणार नाही. सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. बायकोने विचारलं तर पित्त झालंय म्हणाले.

शेवटी त्यांनी त्यांना जमणारी एकच गोष्ट केली. पेपर काढला.

शेवटची मोठी सरावपरीक्षा होती ती, खऱ्या परीक्षेच्या साडेतीन आठवडे आधीची. तीन दिवस ते त्या खोलीत कोंडून घेऊन बसले. बरोबर उत्तर कुठल्या अक्षराला ठेवायचं ते डब्यातून चिठ्ठी काढून ठरवलं, म्हणजे मनाची सवय नको. प्रत्येक चुकीचं उत्तर खरोखर चूक करून काढलं: इथे मूल वर्ग करायला विसरेल, इथे दिशेचं चिन्ह उलटं घेईल. चारही उत्तरं कॅल्क्युलेटरवर. साडेचार वाजले की पेन खाली. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडलं तेव्हा त्यांची मान धरली होती, पण असा पेपर आयुष्यात काढला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

निकाल लागला आणि क्लासमध्ये रडारड झाली. बासष्टातली अठ्ठावन्न मुलं तिसाच्या खाली. आजीबाईला एकवीस. पालक जिना चढून आले, एक आई तर ऑफिसच्या दारातच बसली. मोठ्या सरांनी पेपरसरांना आत बोलावलं, दार लावलं.

"काय हे?"

"पेपर बरोबर आहे, सर. हवा तर बाहेरून तपासून घ्या."

"पेपर बरोबर असेल," मोठे सर शांतपणे म्हणाले, आणि ते शांत झाले की जास्त भीती वाटायची. "मग आधीचे मार्क कसे आले? एकदम सगळेच कसे कोसळले? आधीचे पेपर फुटत होते की काय? चौकशी लावू? तेव्हा पहिलं कोण येत होतं हो?"

मोठ्या सरांच्या मागेच ती फ्रेम टांगलेली होती.

"मला काही जाणून घ्यायचं नाही," मोठे सर म्हणाले. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. पेपर सदोष होता, परीक्षा रद्द, रविवारी पुन्हा परीक्षा, खाली पेपरसरांच्या सहीची जागा. "तुमचा नेहमीसारखा पेपर काढा. मुलांचा धीर सुटता कामा नये."

"सर, तीन आठवड्यांत खरी परीक्षा आहे. मुलांना कळू दे ना कुठे आहोत ते. अजून वेळ आहे. मी रोज जादा तास घेतो, फुकट घेतो."

"सही करा," मोठे सर म्हणाले, "की चौकशी लावू?"

एकोणीस वर्षांतला सगळ्यात चांगला पेपर. तो सदोष होता असं लिहून त्यांनी खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, आणि याचीच त्यांना किळस आली.

घरी आल्यावर त्यांनी आजीबाईला सगळं सांगितलं. ती उठली, कात्री आणली, आणि रद्द झालेल्या पेपरातले सगळे पर्याय कापून टाकले. नुसते प्रश्न उरले. मग टेबलाशी बसली. जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाली, "बाबा, त्या दिवशीचा तो गच्चीवरचा चेंडू, वर फेकला म्हणजे वेगाचं चिन्ह उलटं घ्यायचं ना? तीन सेकंद येतंय." सरांनी नुसती मान हलवली.

रविवारचा पेपर त्यांनी नेहमीसारखा काढला. दुप्पट, दशांश, लांब वाक्य, साडेचारनंतरचा ब. हाताला वळण होतंच. मुलं हसत हसत बाहेर आली आणि मार्क पुन्हा आकाशाला भिडले. पंचावन्न, छप्पन्न, एकाला साठपैकी अठ्ठावन्न. रडणारी ती आई हात जोडून गेली.

आजीबाईची उत्तरपत्रिका सरांनी सगळ्यात शेवटी काढली. कच्च्या कामाची पानं गणितांनी गच्च भरलेली, पर्यायांकडे बघितल्याची खूण नाही. जे आलं ते सोडवलं होतं, आलं नाही ते कोरं सोडलं होतं. चौतीस. त्यांनी दोनदा मोजले, चौतीसच.

"तुमच्याच मुलीला जमलं नाही?" मोठे सर म्हणाले आणि फलकावरून तिचा फोटो उतरवायला सांगितला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "किती?"

"चौतीस."

तिचा चेहरा उतरला. "आधी तर पहिली यायची."

"हे चौतीस तिचे आहेत," सर म्हणाले. बायकोला काही समजलं नाही, आणि समजावून सांगायचं तर मुळापासून सगळं सांगावं लागलं असतं.

सोमवारी ते वर्गात गेले तेव्हा मुलं नुसती उधाणली होती. परीक्षेला एकोणीस दिवस. सरांनी समोर पाहिलं. एकसष्ट हसरे चेहरे, आणि प्रत्येकाच्या दप्तरात कुठेतरी ती चार पानं. आपली तेवढी सोडवली आणि या एकसष्टांना आपल्या हाताने परत आत लोटलं, कुलूप लावलं. खरं बोलावं तर आता या क्षणी बोलावं. दाराच्या काचेतून मोठे सर आत बघत होते.

"सर," पुढच्या बाकावरचा, अठ्ठावन्नवाला, ओरडला, "खऱ्या परीक्षेचा पेपरसुद्धा तुम्हीच काढा ना!"

वर्ग खो खो हसला. सरही हसले. शेवटच्या बाकावर आजीबाई वहीत खाली मान घालून काहीतरी सोडवत होती. तिने एकदा वर पाहिलं, बापाला हसताना पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

सरांनी हजेरीपट उचलला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.